डॉक्टरांची झोप

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात वैद्यकाच्या दोन जुन्या परंपरा आजही शिकवल्या जातात. पंडित शिवनाथ शास्त्री आयुर्वेद महाविद्यालयातले विद्यार्थी चरकाने सांगितलेले तीन उपस्तंभ शिकतात. आहार, निद्रा, ब्रह्मचर्य. सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेजात आरोग्याच्या सहा अत्यावश्यक गोष्टी शिकवतात. हवा आणि अन्नपाण्याबरोबर शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप आणि जाग यांनाही त्यांत वेगळं स्थान आहे. शरीर झोपेवाचून टिकत नाही, यावर दोन्ही शास्त्रांचं एकमत आहे. रोग्याला हे सांगणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातलं फार थोडं येतं, मग तो वैद्य असो, हकीम असो की एमबीबीएस डॉक्टर.

बऱ्हाणपुरासारख्या गावात डॉक्टरकीचा ताण वेगळ्याच जातीचा असतो. खाली दवाखाना आणि वर घर असेल, तर घरी पोहोचायला जिन्याच्या पायऱ्या पुरतात, पण काम संपल्याची खूण कुठेच मिळत नाही. पॉवरलूम पाळ्यांत चालतात, त्यामुळे कामगाराला सवड मिळते ती भलत्याच वेळी. केळीच्या बागेतून येणारा शेतकरी पाणी देऊन, माल भरून मगच निघतो. दारावरची ‘रविवारी बंद’ ही पाटी सगळे वाचतात, तरीही कडी वाजते, कारण डॉक्टर वरच आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यात अंतराची भर पडते. खांडव्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला 2003 साली. रोगी गंभीर असेल तर नातेवाइकांपुढे तीन दिशा असतात: साधारण सत्तर किलोमीटरवरचं खांडवा, शंभरेक किलोमीटरवरचं जळगाव किंवा पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढचं इंदूर. खांडव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते 2018 मध्ये. रोग्याला इथेच ठेवायचं की पुढे पाठवायचं, हा निर्णय गावातल्या डॉक्टरला अनेकदा एकट्यानेच आणि काही मिनिटांत घ्यावा लागतो. गाडी निघून गेली तरी मन तिच्याबरोबर रस्त्यावरच असतं. लोक ज्याला कामाचा ताण म्हणतात, त्यात या न दिसणाऱ्या प्रवासाचा वाटा मोठा आहे, आणि दिवसाकाठी किती रोगी तपासले या आकड्यात तो कधीच मोजला जात नाही.

हा ताण साचत गेला की माणूस आतून संपत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. संघटनेने त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी सतत साचणाऱ्या ताणाचा परिणाम मानलं. त्याची लक्षणं तीन: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन कोरडं होणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं रोग्याला सर्वांत आधी जाणवतं. ‘डॉक्टर हल्ली नीट बोलत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

झोपेचा हिशेब तर अगदी रोकडा आहे. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असं 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. आपल्या देशात वाहन चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. पुढे 2004 मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अभ्यासात शिकाऊ डॉक्टरांची तुलना झाली. चोवीस तास आणि त्याहून लांब पाळ्या करणाऱ्यांच्या हातून गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त घडल्या होत्या.

आपल्याकडे निवासी डॉक्टरांसाठी 1992 पासून केंद्र सरकारचे निर्देश आहेत: सलग बारा तासांहून जास्त काम नको, आठवड्याला 48 तास. तीन दशकांनंतर, 2024 मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने कमाल 74 तास, आठवड्याला एक सुटी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. 48 वरून 74 ही ‘सुधारणा’ वाटावी, एवढी वॉर्डातली प्रत्यक्ष स्थिती कागदापासून दूर गेली आहे. त्याच कृतिदलाच्या सर्वेक्षणात सुमारे 28 टक्के एमबीबीएस विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. डॉक्टर होण्याआधीची ही स्थिती आहे.

मराठी वाचकाला या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक कबुलीजबाब घरबसल्या मिळतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्यासह ‘सर्च’ संस्था उभारणारे डॉ. अभय बंग यांना 1995 मध्ये हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ते पंचेचाळिशीच्याही आत होते. गावोगावच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने नंतर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. आपलं खाणं, बैठं काम आणि मनावरचा ताण त्यांनी परक्या रोग्याचे कागद तपासावेत तसे तपासले. मग आहार, व्यायाम, योग आणि ध्यान यांनी दिनक्रम नव्याने बांधला.

तरीही सगळा भार योगासनांवर टाकणं अन्यायाचं होईल. रात्री कोणी उठायचं हे गावातले चार डॉक्टर आलटून पालटून ठरवू शकतात. नातेवाइकांनाही सर्दी-खोकल्यासाठी सकाळपर्यंत थांबता येतं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं, तेव्हा थोडे हात वाढतात. आणि स्वतःलाच औषध लिहून घेण्याची सवय सोडून डॉक्टरने आपला एक डॉक्टर ठरवावा, हे तर आजच होण्यासारखं आहे.

जागतिक वैद्यक संघटनेने 2017 मध्ये डॉक्टरांच्या शपथेत बदल केला. रोग्याला उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या आरोग्याचीही काळजी घेईन, असं वचन तेव्हापासून त्या शपथेत आहे. मन फारच थकलं तर ‘टेली-मानस’ची 14416 ही सरकारी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. ती मोफत आहे आणि डॉक्टरांसाठीही खुली आहे.