विश्लेषण : संकेतस्थळाचे ‘कुलूप’ येते कुठून?

माकुणसारच्या एखाद्या वाडीत बसून मोबाइलवर १५ रुपये भरून डिजिटल सातबारा काढता येतो. मार्ग, प्रकल्प, भूसंपादन यांची चर्चा सतत सुरू असलेल्या पालघर जिल्ह्यात हा उतारा किती वेळा काढला जात असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक, पासवर्ड, बँकेचा तपशील गावातल्या टॉवरपासून दूरच्या सर्व्हरपर्यंत अनेक यंत्रांमधून जातो. वाटेत तो कुणी वाचू नये, ही जबाबदारी कुणाची?

साधे ‘एचटीटीपी’ धोक्याचे का?

या पद्धतीत मजकूर जसाच्या तसा जातो. डहाणू-चर्चगेट लोकलच्या गर्दीत फोनवर मोठ्याने एटीएमचा पिन सांगण्यासारखेच हे. ऐकणारा भामटाच असेल असे नाही. पण असला तर त्याला काहीच कष्ट नाहीत. त्याहून वाईट म्हणजे मधला माणूस मजकूर बदलूही शकतो. ‘एचटीटीपीएस’मध्ये तोच मजकूर कूटबद्ध होऊन जातो. शेवटच्या ‘एस’चा अर्थ सुरक्षित.

हा ‘एस’ सर्व्हरला जोडावा का लागला?

‘अपाचे’ हे संकेतस्थळे चालवणारे मोफत सॉफ्टवेअर १९९५ मध्ये आले आणि जगभर पसरले. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने ‘एसएसएल’ ही कूटबद्धतेची पद्धत बाजारात आणली. तरीही अपाचेच्या मूळ संचात ती नव्हती. कारण तांत्रिक नव्हे, कायदेशीर होते. अमेरिकेत त्या काळी भक्कम कूटबद्धता युद्धसामग्रीच्या रांगेत बसवलेली होती आणि परवान्याविना तिची निर्यात गुन्हा होता. इंटरनेटवर फुकट ठेवलेले सॉफ्टवेअर तर क्षणात देशाबाहेर जाते. त्यात अमेरिकेत ‘आरएसए’ या गणिती पद्धतीवर पेटंटही होते.

मग काम अमेरिकेबाहेर झाले. ऑस्ट्रेलियाच्या एरिक यंग आणि टिम हडसन यांनी कूटबद्धतेचे मोफत ग्रंथालय लिहिले. ब्रिटनच्या बेन लॉरी यांनी ते अपाचेला जोडले. त्या आधारावर जर्मनीच्या राल्फ एंगेलशाल यांनी १९९८ मध्ये ‘मॉड-एसएसएल’ हे स्वतंत्र मॉड्यूल तयार केले. ज्याला हवे त्याने ते वेगळे उतरवून घ्यावे आणि सर्व्हरला जोडावे. घराला दरवाजा एका देशातून आणि कुलूप दुसऱ्या देशातून, असा हा मामला होता. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीचे नियम सैल केले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आरएसएचे पेटंट संपले आणि २००२ च्या अपाचे २.० पासून हे मॉड्यूल मूळ संचातच आले. ते आजही ऐच्छिक आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते सुरू करावे लागते.

भारतात काय परिस्थिती होती?

इथली विसंगती मजेशीर होती. १९९८ च्या धोरणानुसार इंटरनेट सेवेच्या परवान्यात ४० बिटपर्यंतच्या किल्लीलाच मुभा होती. त्याहून मोठी वापरायची तर पूर्वपरवानगी घ्यायची आणि किल्ली सरकारजमा करायची. उलट रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट एसएसएलची शिफारस केली. म्हणजे बँकेने कुणाचे ऐकायचे? प्रत्यक्षात १२८ बिटच रूढ झाले, आणि ते बरेच झाले. ४० बिटच्या किल्लीच्या शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. आकडा मोठा वाटतो, पण फ्रान्समधील एका संशोधकाने ऑगस्ट १९९५ मध्येच अनेक संगणक कामाला लावून अशी किल्ली सुमारे आठ दिवसांत शोधली होती. १२८ बिटच्या शक्यतांचा आकडा ३९ अंकी आहे.

मॉड्यूल नेमके काय करते?

फोन सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. ते मान्यताप्राप्त संस्थेने दिलेले आहे का, त्याच पत्त्याचे आहे का, मुदत शिल्लक आहे का, हे ब्राउझर तपासतो. मग दोघे मिळून त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचा सारा मजकूर तिने बंद होतो. सर्व्हरची खासगी किल्ली सर्व्हरबाहेर जात नाही. ती फुटली तर प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्यावे लागते. एसएसएलची जागा आता ‘टीएलएस’ने घेतली आहे, पण मॉड्यूलचे जुने नाव टिकून आहे.

खर्च किती?

पूर्वी प्रमाणपत्रासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि ९० दिवसांची प्रमाणपत्रे फुकट मिळू लागली. नूतनीकरण आपोआप होते. त्यामुळे केळवे-सफाळ्याच्या एखाद्या होम-स्टेने किंवा पतसंस्थेने ‘परवडत नाही’ ही सबब सांगण्यात आता अर्थ नाही. जुलै २०१८ पासून गुगल क्रोम कूटबद्धता नसलेल्या पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारते.

कुलूप दिसले म्हणजे निर्धास्त?

नाही. फुकटचे प्रमाणपत्र भामट्यालाही मिळते. कुलूप एवढेच सांगते की पत्त्यात लिहिलेल्या ठिकाणाशीच तुम्ही बोलत आहात आणि मधे कुणी ऐकत नाही. ते ठिकाण प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. म्हणून पत्ता अक्षर न अक्षर वाचावा. सरकारी संकेतस्थळाचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे का पाहावे. ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’ असा इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊन पैसे भरू नयेत. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या मदतक्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.