वऱ्हाडी टंका आणि मोगलांचा रुपया

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब आज चिंतामणी गणपतीसाठी ओळखले जात असले, तरी मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात ते एका सरकारचे, म्हणजे अनेक परगण्यांच्या महसुली विभागाचे, ठाणे होते. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजल या सुभ्याचा मूळ वसूल साडेतीन कोटी टंके, अर्थात ५६ कोटी दाम, असा देतो, त्यावरून एका वऱ्हाडी टंक्याला १६ दाम, म्हणजे तांब्याची १६ नाणी, पडतात, आणि सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया ४० दामांचा धरला जात असल्याने हा टंका त्याच्या दोन पंचमांश भरतो. बाबराची हलकी चांदीची शाहरुखी मात्र मागे पडली, कारण मोगलांनी शेरशाह सूरी या शत्रूचाच रुपया, व्यवहार ओळखून, स्वीकारला.