स्थूलता आणि पुरुषाची जननक्षमता

वैशाखात जबलपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि घरोघरी माठ भरले जातात. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि आतील पाणी गार राहते. त्याच माठावर कोणी जाड गोधडी पांघरली तर हे कार्य थांबेल. पुरुषाच्या वृषणांची गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

शुक्राणू तयार होण्यास शरीराच्या ३७ अंश तपमानापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी तपमान लागते. म्हणून वृषणे उदरात नसून बाहेर, पातळ त्वचेच्या पिशवीत असतात. या त्वचेवरील घाम वाळतो. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचे जाळे असून त्यांतील थंड रक्त रोहिणीतील उष्णता काढून घेते. स्थूल पुरुषाच्या मांड्या व ओटीपोट यांवरील मेद हीच ती गोधडी होय. दिवसभर बसून करावयाच्या कामाने तिची जाडी जणू दुप्पट होते.

परंतु उष्णता हे कारणांपैकी एक, आणि कदाचित लहानच. मेद म्हणजे अडीअडचणीसाठी साठविलेले इंधन, असा समज पूर्वी होता. वस्तुतः तो एखाद्या ग्रंथीसारखा क्रियाशील आहे. त्यातील ॲरोमॅटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रॅडिओलमध्ये करते. इस्ट्रॅडिओल वाढले की मेंदूची समजूत होते की वृषणांचे काम पुरेसे चालू आहे, आणि तो पोष ग्रंथीमार्फत वृषणांना दिली जाणारी आज्ञा मंद करतो. टेस्टोस्टेरॉन आणखी घटते, मेद आणखी साठतो. या चक्राला दाहक द्रव्यांची जोड मिळते. शुक्राणूचे आवरण ऑक्सिजनच्या उग्र रूपांपुढे फार नाजूक असते. त्याची हालचाल मंदावते आणि आतील डीएनएचे धागे तुटतात. ही तूट साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही.

मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत उंदरांवर झालेले प्रयोग येथे उद्बोधक आहेत. स्निग्ध आहाराने लठ्ठ झालेले नर आणि जन्मतःच लठ्ठ असणारे नर यांची तुलना करण्यात आली. दोहोंचे परिणाम सारखे नव्हते. आहाराने लठ्ठ झालेल्या नरांपासून गर्भधारणा झाली तरी पिलांची संख्या घटली; म्हणजे पित्याच्या शरीरातील बिघाड मातेच्या गर्भाशयापर्यंत पोहोचला होता.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील एक रीत खटकते. मूल झाले नाही की सुनेला वैद्यांकडे नेले जाते. वर्षे लोटल्यावर मुलाची तपासणी होते, तीही चोरून. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणी सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा मानतात. अर्थात ती पार न करणारा प्रत्येक पुरुष वंध्य नव्हे, तसाच प्रत्येक स्थूल पुरुषही वंध्य नसतो.

एका धोक्याची मात्र सूचना दिलीच पाहिजे. टेस्टोस्टेरॉन कमी आढळले म्हणून स्वतःच्या मनाने त्याची इंजेक्शने घेणारे तरुण आढळतात. बाहेरून संप्रेरक मिळताच मेंदूची आज्ञा जवळजवळ बंद होते आणि शुक्राणूंची निर्मिती थांबूही शकते. मूल हवे असणाऱ्याने हा मार्ग धरणे म्हणजे विहीर खोदण्यासाठी झराच बुजविणे होय.

उपाय वजन उतरविण्याचा आहे. जबलपूरची खव्याची जिलेबी कायमची वर्ज्य करावी असे येथे सुचवावयाचे नाही. ती रोजची न्याहारी मात्र होऊ नये. डेन्मार्कमध्ये स्थूल पुरुषांना आठ आठवडे अल्प उष्मांकांचा आहार दिला असता त्यांचे वजन सरासरी सुमारे १६ किलो उतरले आणि शुक्राणूंची घनता दीडपटीच्या आसपास गेली, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर ही सुधारणा ज्यांनी वजन पुन्हा वाढू दिले नाही त्यांच्यातच टिकली.

एक शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडण्यापूर्वी तो आणखी काही दिवस प्रवासात असतो. म्हणून वजन उतरू लागल्यावर तपासणी तीन महिन्यांनी करावी. पंधरवड्यात केल्यास जुन्याच शुक्राणूंची मोजदाद होते.