अनुशेष मोजून दाखवणारे वि. म. दांडेकर

मराठवाड्यात ‘अनुशेष’ हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण तो मोजला कुणी आणि कसा, हे घरात फारसं बोललं जात नाही. म्हणून आज प्रा. वि. म. दांडेकर यांची आठवण.

पुण्याच्या गोखले संस्थेचे हे अर्थशास्त्रज्ञ. १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी देशातल्या गरिबीवर गाजलेला अभ्यास लिहिला. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासायला त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये अहवाल आला.

त्यांची रीत साधी होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशा एकेका सेवेची राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा त्याखाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. वर्गाची सरासरी ५० गुण आणि आपल्या मुलाला ३५, तर तूट १५ची, तसंच हे. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. तक्रारीला आकडा मिळाला.

पण सरासरीत एक गोम आहे. जिल्ह्याच्या आकड्यात मोहल्ला दिसत नाही. लातूरला शिकवण्या, होस्टेल आणि मेस यांवर मोठा बाजार उभा राहिला. नांदेडला दवाखाने आणि यात्रेकरूंचे लॉज. या सेवा पैसे मोजणाऱ्याला मिळतात. त्याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

२००६ च्या सच्चर अहवालाने आपल्या समाजाचे आकडे देशासमोर ठेवले. मोहल्ल्याचा हिशोब मात्र आपल्यालाच करावा लागेल. सातवीनंतरची उर्दू शाळा घरापासून किती लांब? सरकारी दवाखाना किती लांब? नळाला पाणी किती दिवसांनी येतं? शाळा लांब असली की पहिल्यांदा मुलीचं शिक्षण थांबतं, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो.

सुट्टीत आपल्या मुलामुलींकडून ही यादी करून घ्या. एका वहीत गल्लीवार लिहा आणि नगरसेवकाला, महापालिकेला लेखी द्या. हक्क मागायचाच आहे, तर हिशोबासकट मागू या.