युद्धनौकांचे टपाल शिक्के : सागरी इतिहासाची कागदी साधने

टपालाने आलेल्या पाकिटावरील तिकीट कापून घ्यावे आणि उरलेला कागद टाकून द्यावा, अशी रीत घरोघर चालत आलेली आहे. शाळकरी मुलांचे तिकीटसंग्रह बहुधा असेच तयार होतात. परंतु ते पाकीट एखाद्या युद्धनौकेवरून आलेले असेल, तर कात्रीच्या एका फटक्याने इतिहासाचा एक पुरावा नाहीसा होतो. अशा पाकिटाचे खरे महत्त्व तिकिटापेक्षा त्यावर उमटलेल्या शिक्क्यात, तारखेत आणि पत्त्यात असते.

शिक्का काय सांगतो ?

युद्धनौका म्हणजे शेकडो माणसांचे समुद्रावरील फिरते गाव होय. या गावाला टपालाची सोय लागतेच. अमेरिकी नौदलाने 1908 पासून आपल्या नौकांवर टपाल कार्यालये सुरू केली. तेथील शिक्क्याच्या वर्तुळात नौकेचे नाव व तारीख असे आणि शेजारच्या आडव्या पट्ट्यांत कधीकधी बंदराचे किंवा प्रसंगाचे नावही घातले जाई. या शिक्क्यांचा संग्रह करणाऱ्यांनी 1932 साली 'युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी' ही संस्था स्थापन केली. चंद्रावरून परतलेल्या अपोलो-11 च्या अंतराळवीरांना 24 जुलै 1969 रोजी प्रशांत महासागरातून 'हॉर्नेट' या विमानवाहू नौकेने उचलून घेतले. त्या दिवशी नौकेवरच शिक्का मारलेली पाकिटे जगभरचे संग्राहक आजही जपून ठेवतात.

युद्धकाळात हे चित्र पालटते. नौकेचा ठावठिकाणा शत्रूस कळू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शिक्क्यांतून नौकांची नावे काढून टाकण्यात आली. ब्रिटिश नौदलाच्या टपालावरही नौकेचे नाव न देता केवळ सागरी टपाल असल्याचा उल्लेख असे. अशा वेळी शिक्क्याचे मौनही अभ्यासकास बोलके ठरते.

भारतीय पद्धत

भारतीय नौसैनिकास पाठवायच्या पत्रावर नौकेचे नाव आणि 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस' असा पत्ता लिहिण्याची पद्धत आहे. मुंबई हे अशा कार्यालयांपैकी एक प्रमुख ठिकाण होय. सैन्यदलांच्या टपालावर '56 ए.पी.ओ.' यांसारखा सांकेतिक क्रमांक आढळतो. त्यावरून पत्र कोठून निघाले हे परक्यास समजत नाही.

नौका नौदलात दाखल होणे, तिचा रौप्यमहोत्सव, नौदल दिन किंवा नौकेची सेवानिवृत्ती अशा प्रसंगी विशेष पाकिटे काढली जातात. त्यांवर नौकेचे चित्र, बोधचिन्ह आणि थोडक्यात माहिती असते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. पाकिटावर छापलेले चित्र किंवा शोभेचा ठसा हा स्मरणापुरता असतो. तारखेचा अधिकृत पुरावा टपाल खात्याचा किंवा सैनिकी टपालसेवेचा शिक्काच देतो. दोन्ही एकत्र असतील तेव्हाच पाकीट पूर्ण मानावे.

नौका गेली, पाकीट राहिले

'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. ती 4 मार्च 1961 रोजी नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला मुंबईस पोहोचली. 1971 च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविला. 1986 साली तिच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त टपाल तिकीट निघाले. 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये मोडीत निघाली. 2022 मध्ये त्याच नावाची नवी, भारतातच बांधलेली नौका दाखल झाली. जुन्या 'विक्रांत'चे पोलाद आता जागेवर नाही; परंतु तिची तारीखवार साक्ष देणारी पाकिटे मात्र टिकून आहेत.

'खुकरी'ची कथा अधिक करुण आहे. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळच्या समुद्रात ही नौका बुडाली आणि 18 अधिकारी व 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. अशा नौकेवरून घरी आलेले पत्र एखाद्या ट्रंकेत शिल्लक असेल, तर त्याचे मोल रुपयांत करता येणार नाही.

गावांनी काय करावे ?

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांचा नौदलाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. तेथील घरांच्या माळ्यांवर, जुन्या पेट्यांत अशी पाकिटे असणे स्वाभाविक आहे. घर दुरुस्त करताना किंवा वाटण्या होताना ती रद्दीत जातात. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी पुढाकार घेऊन माजी नौसैनिकांच्या घरांतील पाकिटांची नोंद करून घ्यावी. कुटुंबाची संमती असल्यास छायाप्रत शाळेत ठेवावी. मूळ पाकीट कुटुंबाकडेच असावे. पत्रातील मजकूर खाजगी असतो, त्यामुळे नोंदीपुरते पाकीट पुरेसे आहे. सेवेत असलेल्या नौसैनिकास मात्र नौकेच्या हालचालींविषयी विचारू नये.

जतनाचे नियम सोपे आहेत. तिकीट कापू अथवा भिजवून काढू नये. डिंक, चिकटपट्टी, टाचणी आणि लॅमिनेशन ही चारही टाळावीत. शिक्क्यावर शाईने काही लिहू नये. मिळाल्याचा तपशील वेगळ्या कागदावर नोंदवावा. कोकणातील दमट हवेत पाकिटे कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर एकदा पाहून घ्यावीत.

नवी पाकिटे हवी असल्यास मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयातील तिकीटसंग्रह विभागात चौकशी करता येते. टपाल खात्याने 2017 साली इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'दीनदयाळ स्पर्श' ही तिकीटसंग्रहाशी निगडित शिष्यवृत्ती योजना सुरू केली. शाळेत तिकीटसंग्रह मंडळ असल्यास अशा योजनांचा लाभ घेणे सुकर होते. युद्धनौकांची पाकिटे हा त्या मंडळाचा एक उत्तम विषय होऊ शकेल. कारण एकाच पाकिटातून भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय शिकविता येतात.

मोठ्या नौका जतन करण्यास मोठा निधी लागतो आणि तो दर वेळी उभा राहतोच असे नाही. पाकीट जपण्यास केवळ जाणीव पुरते. ती जाणीव घराघरांत पोहोचविणे हे शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि त्यास आज आरंभ करण्यास कोणतीही अडचण नाही.