कोरडा ओढा : पावसाआधी हाती घेण्यासारखे काम

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात काम करणाऱ्या गवंडी बांधवांना एक तक्रार नेहमी ऐकावी लागते : "बागेत पाणी तुंबते, भिंतीला ओल येते." याचे कारण जमिनीतच आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे शेतेच्या शेते कारखाने व घरांखाली गेली. जेथे काळी माती आहे तेथे ती भिजली की फुगते आणि पाणी सावकाश मुरू देते. प्लॉट पाडताना जुने ओघळ बुजले असतील तर पाणी जाणार कोठे? ती वाट परत करून देणे म्हणजेच कोरडा ओढा.

आधी हिशेब करावा. १,००० चौरस फूट छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४,६०० लिटर पाणी उतरते. ते पन्हाळीच्या तोंडापासून पायापासून दूर न्यायचे आहे.

लेव्हल नळीने उतार काढावा. १०० फुटांस दोन फूट पुरे. चर एक ते दीड फूट खोल व त्याच्या दुप्पट रुंद, किंचित वळणे घेणारा असावा. तळाशी पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे, प्लास्टिक नको. त्यावर खडी, मग गोटे. मोठे दगड काठाला अर्धे गाडून बसवावेत. काठावर वाळा किंवा कर्दळ लावली की माती धरून राहते. शेवटी मुरमापर्यंत खोदलेला शोषखड्डा हवा. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नये. भांडण विकत घेतल्यासारखे होईल.

दगड टाकण्यापूर्वी चरात पाणी सोडून पाहावे. कोठे डबके राहिले तर तेथे डास होतील आणि कामाला बट्टा लागेल. गोटे नदीतून परस्पर उचलू नयेत, त्याला परवाना लागतो. खाणीचा काळा दगडही चालतो. वर्कशॉपचे तेलकट पाणी या चरात कदापि सोडू नये, ते थेट जमिनीत मुरते.

गवंडी, दगडवाले, नर्सरीवाले यांनी मिळून घ्यावे असे हे काम आहे. दर रनिंग फुटावर ठरवावा, शोषखड्ड्याचा वेगळा लावावा आणि सर्व लेखी द्यावे. पहिल्या मोठ्या पावसात स्वतः जाऊन काम पाहून यावे. गिऱ्हाईक हीच गोष्ट लक्षात ठेवते आणि पुढचे काम तेथूनच मिळते.