‘खोली खाली करा’ म्हटल्यानं खोली खाली होते का?

‘येत्या पहिल्या तारखेले खोली खाली करा.’ कामठीत किरायानं राहणाऱ्याला या वाक्याची धास्ती असते. एका अंगणाभोवती चार खोल्या, एकच नळ, एकच मीटर, संडास सगळ्यांत मिळून. कन्हानकाठचं हे गाव विणकरांचं आणि विडी कामगारांचं. विड्या घरीच वळल्या जातात, त्यामुळे खोली गेली की छपरासोबत रोजीही जाते.

पण मालकाचं तोंडी सांगणं म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. विदर्भात १९४९च्या आदेशाप्रमाणे भाडेकरूला काढायची नोटीस द्यायलाही मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी लागत असे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ती पायरी गेली. कोर्टाची मात्र राहिली. भाडं थकलं तर आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबणं, त्यानंतर दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर थकबाकीपायी घर जात नाही. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर जास्त अडचण कोणाची हे कोर्ट तोलतं. पाणी-वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणायलाही कायद्यानं मनाई आहे.

खरी गोम कागदात आहे. हे संरक्षण भाडेकरूला मिळतं. पण ‘अकरा महिन्यांचा करार’ बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचा नव्हे तर नुसत्या राहण्याच्या परवानगीचा असतो. त्याची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, आणि तरीही जागा अडवून ठेवणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत तर करार एकाच्याच नावावर असतो. बाकीचे तिघं मालकाच्या परवानगीविना ठेवलेले पोटभाडेकरू ठरले, तर घर खाली करून घ्यायला तेच कारण पुरतं. किराया चौघं भरतात, कागदावर एकच असतो. अजिबात कागद नसेल तरी हक्क बुडत नाही: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि त्यानं ती पाळली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

कामठीत आणखी एक पेच आहे. गावाचा एक भाग नगरपरिषदेत, दुसरा १८२१ साली वसलेल्या लष्करी छावणीत. छावणीतल्या घरभाड्याबाबत कायदा करण्याचा अधिकार संसदेचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली सांगितलं. राज्याचा भाडे कायदा तिथे लागू व्हायला १९५७च्या कायद्याखाली केंद्राची अधिसूचना लागते. म्हणून वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच: घर कोणत्या हद्दीत?

एक आधार दोन्ही हद्दींत सारखा आहे. कोर्टाच्या हुकमाविना सामान बाहेर फेकलं, तर १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांत ताबा परत मागता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. दर महिन्याच्या किरायाची पावती मागून घ्यावी, ती देणं मालकाला बंधनकारक आहे. आणि पहिल्या तारखेची ताकीद आली की आधी म्हणावं, ‘लेखी द्या.’ एवढं म्हणायला वकील लागत नाही.